कोटितीर्थाचं पाणी: एका वर्षाच्या कामाच्या नोंदी

७ जून

आज मृग निघाला. पन्हाळ्याच्या अंगाला आभाळ काळं झालंय, वारा सुटलाय, पाऊस अजून नाही. कामाला मृगाच्या मुहूर्तावर लागायचं असं ठरवून ठेवलं होतं, म्हणून ही वही.

काम असं. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरात ज्या पाण्याकाठी बसून चित्रं केली, तिथं वर्षभर जाऊन बसायचं. जागा चार. रंकाळा तलावावरचा संध्यामठ, पंचगंगेचा घाट, कोटितीर्थाचं तळं, आणि चौथी माझ्या आवडीची, प्रयाग चिखलीचा संगम, कारण माझं आजोळ त्या वाटेवर. प्रत्येक जागी महिन्याला एक चित्र, म्हणजे वर्षाची अठ्ठेचाळीस. कागद पाव इंपीरियल, ११ बाय १५ इंच, तीनशे ग्रॅमचा सुती. पारदर्शक जलरंग. फोटो काढून घरी रंगवायचं नाही.

गेल्या आठवड्यात शाळेतून निवृत्त झाले. इतकी वर्षं रविवारी, वह्या तपासून झाल्यावर, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांची धावपळ संपल्यावर जमेल तसं रंगवत आले. आता सकाळ पूर्ण माझी आहे.

वडिलांनी मला पोहायला कोटितीर्थात शिकवलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचे आणि बेसावध असताना ढकलून द्यायचे. डबा सुटल्यावर पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून बुडी मारली, तेव्हा पाण्याच्या आत जो हिरवा उजेड दिसला तो रंग मी तेव्हापासून शोधते आहे. काठावर अंग पुसता पुसता वडील सांगायचे, "हितंच आबालाल मास्तरांनी आपली चित्रं पाण्यात सोडली, महाराज गेले तवा." मला वाटायचं, चित्रं अजून खालीच असतील. पुढच्या बुडीला तळ चाचपून पाहिला. हाताला गाळ लागला आणि एक करवंटी.

९ जून

टाऊन हॉल म्युझियम. रंग लावण्याआधी त्यांची चित्रं पुन्हा बघून घ्यायची होती. शाळेची सहल घेऊन इथं कितीदा तरी आले, पण तेव्हा अर्धं लक्ष मुलं मोजण्यात. आज तीन तास एकटी होते.

आबालाल कोल्हापूरचेच. घरात कुराणाच्या प्रती हातानं लिहिण्याची परंपरा होती. मला वाटतं तो हात त्यांच्या निसर्गचित्रांत शेवटपर्यंत राहिला. झाडाची पानं रंगवताना ब्रशचं टोक ज्या नेमानं टेकतं आणि उचलतं, ते लेखणी धरलेल्या घरातलं आहे. १८८०च्या दशकात ते मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि परत आले. मुंबईत राहून व्यक्तिचित्रांवर बरं चाललं असतं. इथं शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि मिळालं हे पाणी, ही झाडं, सकाळचं धुकं.

त्यांच्या उत्तरकाळातल्या चित्रांना जाणकार दृक्प्रत्ययवादाच्या (इम्प्रेशनिझमच्या) जवळचं म्हणतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी तेच ते परत परत रंगवलं. गावाबाहेर फार लांब गेलेच नाहीत. चालत जाऊन चालत परत येता येईल एवढ्या परिघात त्यांचं सगळं जग.

वहीत टिपलेलं: पाण्याला निळा जवळपास नाहीच. करडा, त्यात जांभळट झाक. लांबचं आणि जवळचं पाणी दोन वेगळ्या वस्तू असल्यासारखी हाताळलेली.

१६ जून

कोटितीर्थ, पहिली बैठक. सकाळी सव्वासहा ते साडेनऊ.

महादेवाच्या देवळाच्या अंगाला बसले. समोरच्या काठाला दगडी भिंत, तिच्यावर झाडं, झाडांवरून शाहू मिलचं धुराडं. मिल १९०६ ची, म्हणजे आबालालांच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत हे धुराडं धूर सोडत असणार आणि भोंगा त्यांच्याही कानावर पडत असणार. आता मिल बंद आहे. एका कोपऱ्यात जलपर्णी आणि तिला अडकलेल्या पिशव्या. वाईट वाटतं बघून. पण चित्रातून ती गाळायची नाही असं ठरवलं आहे. पाणी आज जसं आहे तसंच बघायचं.

चित्र फसलं. आभाळ ओल्यात ओलं छान उतरलं, मग पाण्याला तेच रंग उलटे करून लावले आणि सगळं आरशासारखं सपाट झालं. पाण्यावर पडलेलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा थोडं गडद असतं आणि गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा थोडं उजळ, हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. समोर पाणी असताना हात विसरला.

भिंतीखाली पाण्यात एक गडद पट्टा दिसत होता. भिंतीचंच प्रतिबिंब म्हणून इंडिगो आणि बर्न्ट सिएनाच्या एका फटकाऱ्यात ओढला. चित्रात तेवढीच एक गोष्ट ठाम आली.

गळ टाकून बसलेला एक मुलगा मागं येऊन उभा राहिला. "बाई, पाणी असं काळं का केलंय वो?" मी म्हटलं, तू बघ आणि सांग कसं आहे. बराच वेळ बघून म्हणाला, "हाय तसंच हाय की." आणि परत गळाकडे गेला.

३ जुलै

रंकाळा. पावसानं जोर धरलाय. संध्यामठ निम्मा पाण्यात गेलाय, काळ्या दगडाचे खांब गुडघ्यापर्यंत बुडून उभे. अजून आठ-दहा दिवसांत पुरता जाईल. उन्हाळ्यात कोरड्या पायानं ज्याच्या आत जाऊन बसता येतं, ते पावसाळ्यात दिसेनासं होतं. आबालालांना ह्या मठाचा लळा होता तो यासाठीच असावा. एकच वास्तू, आणि पाणी दर महिन्याला तिचा आकार बदलून देतं.

कागद वाळत नाही. पहिला थर देऊन पाऊण तास झाला तरी हाताला गार लागतो. सक्तीनं दुसरा थर दिला, तर खालचा उचलून वर आला आणि खांबांच्या कडा कोबीच्या पानासारख्या फुलल्या. मग ठरवलं की पावसाळ्यात थरावर थर द्यायचाच नाही. एका ओलीत जेवढं होईल तेवढं. रंग घट्ट घ्यायचा, पाणी ब्रशात कमी, कारण पाणी कागदात आणि हवेत आधीच आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मला गाडीवर सोडते-आणते. आज तिनं माझ्यावर दीड तास छत्री धरली, स्वतः भिजली. घरी येऊन तिला आधी आल्याचा चहा केला, मग कागद पाहिला.

२३ जुलै

पंचगंगा इशारा पातळीच्या वर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. कोल्हापुरात जुलै उजाडला की हे दोन आकडे लहान पोरांनाही तोंडपाठ असतात. घाटाकडे जाणं शक्यच नव्हतं, देवळांचे कळसच काय ते वर. उंचावरून, सुरक्षित जागेवरून शिवाजी पूल दिसतो तिथं बसले.

२०१९ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा माझ्या मावसबहिणीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं, भिंतीवरची रेघ तिनं अजून पुसलेली नाही. पूर सुंदर दिसतो असं म्हणायला त्यामुळे जीभ रेटत नाही. तरी मी तो रंगवायला बसले, कारण हीच नदी मला आयुष्यभर बोलावत आली, आणि तिचं हे रूप वगळणं म्हणजे खोटं बोलणं.

दुपारी तासभर ऊन पडलं आणि एक गोष्ट दिसली. पुलाची सावली पाण्यावर पडली होती. खरोखरची सावली, रस्त्यावर पडते तशी, कडेसकट. हिवाळ्यात ह्याच पुलाखाली पाणी नितळ असतं तेव्हा सावली दिसत नाही, दिसतं ते फक्त प्रतिबिंब. कारण साधं आहे. नितळ पाण्यात ऊन आत निघून जातं, त्याला अडवायला काही नसतं, मग सावली पडायची कशावर? गढूळ पाण्यात मातीचे कण उन्हाला अडवतात, पाण्याचा पृष्ठभाग जमिनीसारखा उजळतो, आणि मग त्यावर सावली धरते. आता समोर सावली आणि प्रतिबिंब दोन्ही होते, एकमेकांशी कोन करून. तीस वर्षं मी पाणी रंगवते, आणि हे आज पाहिलं.

रंग: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा जांभळा. तरी नदीचा तपकिरी जमला नाही. त्यात एक गुलाबीपणा आहे, पश्चिमेच्या डोंगरातल्या तांबड्या मातीचा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, प्रत्येक नदी आपापल्या खोऱ्यातली माती घेऊन येते. ट्यूबमधला रंग याला पुरा पडायचा नाही.

९ ऑगस्ट

पाणी उतरलं. घाटावर घोटाभर गाळ, पालिकेची माणसं फावड्यानं ओढतायत. एका मावशींनी विचारलं, "माती कशाला नेताय बाई? घर सारवायला?" म्हटलं, रंग करणार. त्यांनी स्वतःच्या हातानं पायरीच्या कोपऱ्यातला गाळ काढून दिला. "ह्यो घ्या, ह्यो मऊ हाय. वरच्यात खडं हाईत." अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. कोपऱ्यात पाणी थांबतं, तिथं सगळ्यात बारीक कण बसतात.

दोन डबे भरून आणले.

१२ ते १८ ऑगस्ट

गाळाचा रंग. पद्धत लिहून ठेवते, पुढच्या वर्षी लागेल.

बादलीत पाण्यात माती ढवळली. दहापर्यंत मोजलं, वाळू तळाला बसली, वरचं गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतलं. पुन्हा ढवळलं, मिनिटभर थांबले, वरचं ओतलं. असं चार वेळा. शेवटच्या भांड्यातलं पाणी दुधाच्या चहासारखं दिसत होतं. ते रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी वर स्वच्छ पाणी, खाली सायीसारखा थर. पाणी अलगद काढून टाकलं, थर फडक्यावर घेऊन सावलीत वाळवला. या हवेत वाळायला चार दिवस लागले. मग खलात कुटून, जुन्या साडीच्या तुकड्यातून वस्त्रगाळ. दोन डबे गाळातून जेमतेम वाटीभर पूड निघाली. हाताला पिठीपेक्षा मऊ.

बांधायला बाभळीचा डिंक. तो कोमट पाण्यात भिजवून गाळून घेतला, एक वाटी डिंकाच्या पाण्यात चमचाभर मध. मधानं रंग वाळल्यावर तडकत नाही आणि ओला ब्रश लावला की लगेच उठतो. फरशीवर पूड घेतली, मधोमध खळगा केला, त्यात डिंक-मध, आणि काचेच्या जड पेपरवेटनं घोटत बसले. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग कमी कमी होत थांबतो. आवाज थांबला की रंग तयार. पहिली खेप डिंक जास्त झाल्यानं चकाकली, दुसरी कमी झाल्यानं बोटाला लागत होती, तिसरी जमली.

कागदावर लावला. पंचगंगेचा पुराचा तपकिरी, तो गुलाबीपणासकट. ओल्या कागदावर कण सुटे होऊन खाचांत बसतात, घाटावर गाळ बसतो तसेच. आनंदानं मला रडू आलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून बराच वेळ तशीच बसून राहिले.

११ सप्टेंबर

एक प्रयोग फसला, तोही लिहायला हवा. जुलैपासून प्रत्येक जागी तिथलंच पाणी रंगाला वापरत होते. रंकाळ्याचं चित्र रंकाळ्याच्या पाण्यानं, कोटितीर्थाचं कोटितीर्थाच्या. मनाला फार बरं वाटत होतं. आज पोर्टफोलिओ उघडला तर कोटितीर्थाच्या दोन चित्रांवर करडे ठिपके, बुरशी. रंकाळ्याच्या एकावर कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग आत मुरू न देणारा लेप, गेलंय, रंग टीपकागदासारखा आत शोषला गेलाय. दोष निम्मा दमट हवेचा, निम्मा पाण्याचा. या पाण्यात शेवाळ आहे, आणखी काय काय आहे ते काठावरचा वासच सांगतो.

माझ्या लहानपणी आम्ही हेच पाणी पोहताना गिळलेलं आहे.

यापुढं नळाचं उकळून गार केलेलं पाणी. कागद कपाटात, कडुनिंबाचा पाला आणि सिलिका जेलच्या पुड्या.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. काम नाही. घरचा गणपती पाचव्या दिवशीच इराणी खणीत सोडला, नदीत नाही. नदीचा जीव तेवढा हलका होतो.

५ ऑक्टोबर

आज सगळी चित्रं दिवाणखान्यात जमिनीवर मांडली. चार महिने, चार जागा, सोळा चित्रं. विद्यार्थिनीलाही बोलावलं. ती बराच वेळ फिरली आणि म्हणाली, "बाई, रागावू नका. पण ही बघून वाटतं, तुम्ही रोज कुठंतरी पाहुण्या गेलाय."

रागावण्यासारखं काय आहे, खरंच आहे ते. चिखलीचं संगमाचं चित्र सुबक आहे, कॅलेंडरवर शोभेल. रंकाळ्याची दोन बरी. घाटाचं पुराचं एक मला मनापासून आवडतं. पण कोटितीर्थाची चारही फसलेली असून नजर तिथंच जाते, कारण चारही वेगवेगळ्या तऱ्हेनं फसलेली आहेत. त्या पाण्याशी माझं काहीतरी चाललं आहे, बाकीच्या तीन ठिकाणी मी फक्त हजेरी लावतेय.

आबालाल कोटितीर्थावर राहायला गेले, ते चित्रांपुरते बसायला येत नव्हते. उठले की पाणी, निजायच्या आधी पाणी. महिन्याला एक चित्र या हिशेबानं मी त्यांच्या जवळपासही पोचणार नाही.

म्हणून योजना मोडते. अठ्ठेचाळीसचा आकडा रद्द. आजपासून फक्त कोटितीर्थ. आठवड्यातून चार सकाळी. कागद लहान, ५ बाय ७ इंच, म्हणजे उजेड बदलायच्या आत एक पुरं होईल. बैठक तीच, देवळाजवळची. समोर तीच भिंत.

१० नोव्हेंबर

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि मूर्तीपर्यंत चढतं. काही मिनिटांचाच खेळ. हवेत धूळ किंवा ढगाचा तुकडा असला की किरण वाटेतच विरतात, आणि महाद्वार रस्त्यावर वाढलेल्या इमारतींचाही अडथळा होतो. आज गर्दीत उभी राहून उंबऱ्यावरून सरकणारी ती पिवळी पट्टी पाहिली. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांना सूर्य कोणत्या दिवशी किती खाली असतो ते माहीत होतं. मला नोव्हेंबरच्या उजेडाचा कोन कळायला साठीच्या जवळ यावं लागलं.

कोटितीर्थावर परवापासून हेच दिसतंय. सूर्य दक्षिणेकडे कलला, भिंतीचा जो भाग पावसाळाभर सपाट होता त्याच्या एकेका दगडाला आता कड आली.

१५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. नियम मोडून पहाटे पंचगंगा घाटावर गेले. इथं न जाणं मला जमत नाही. पायऱ्यापायऱ्यांवर हजारो पणत्या, नदीवर धूर आणि धुकं एकत्र.

पारदर्शक जलरंगात ज्योत रंगवता येत नाही, ज्योतीची जागा कोरी सोडावी लागते. सगळ्यात उजळ जे आहे तिथं ब्रश टेकवायचाच नाही. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं दिवा हातात धरलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं. बोटांच्या कडांतून झिरपणारा तो लाल उजेड म्हणजे कागदच आहे, रंगातून दिसणारा. त्यासाठी त्यांची मुलगीच दिवा घेऊन उभी राहिली होती. नंतर त्या इथं कोल्हापुरातच राहिल्या आणि शंभरी ओलांडली. आम्हा जलरंगवाल्यांना हे आपल्या घरातलं वाटतं.

मी सात ज्योती सोडल्या, पाच सांभाळता आल्या.

२८ डिसेंबर

आबालाल रहिमान गेले तो दिवस, १९३१. आज सकाळी कोटितीर्थावर दाट धुकं होतं. भिंत नाही, धुराडं नाही, समोरचा काठच नाही. पाणी कुठं संपतं आणि हवा कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. मी एक फिका करडा थर दिला आणि थांबले. त्यावर पुढं काही लावावं असं वाटलंच नाही. सहा महिन्यांतलं हे पहिलं चित्र जे मला पुन्हा उघडून बघावंसं वाटतं.

बसल्या बसल्या ती गोष्ट मनात आली. शाहू महाराज ६ मे १९२२ ला मुंबईत वारले. ती बातमी ऐकून आबालालांनी आपली कितीतरी चित्रं ह्या तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लहानपणी मला यात फक्त खजिना दिसायचा. शाळेत शिकवायला लागल्यावर राग यायचा, केवढं वाया गेलं म्हणून. आज वाटतं, ज्या माणसानं आयुष्यभर ह्या पाण्याकडे पाहिलं, त्याला दुःखात दुसरं कुणाकडे जावंसं वाटलं असेल? आश्रयदाता गेला, चित्रं कुणाला दाखवायची? रोजची ओळख होती ती पाण्याशी. त्यानं दिलेलं त्यालाच परत केलं.

यापुढं मी ती गोष्ट वाया गेल्याची म्हणून मुलांना सांगणार नाही.

धुकं उठायला साडेआठ झाले. गळवाला मुलगा आता ओळखीचा आहे. त्यानं चित्र पाहून विचारलं, "ह्यात काय हाय?" मी म्हटलं, पाणी. त्याला पटलं.

१९ जानेवारी

बसायच्या उंचीचं गणित. आज पहिलं चित्र उभं राहून, दुसरं खाली जमिनीवर बसून केलं, जागा तीच. उभं राहिलं की पायापासून आठ-दहा फुटांपर्यंत पाण्याच्या आतलं दिसतं: गाळ, पानं, मासळीची पिल्लं. पुढं हळूहळू आतलं दिसेनासं होतं आणि वरचं आभाळ दिसायला लागतं. खाली बसलं की ही हद्द एकदम जवळ येते, पायाशी सगळं आभाळच. नजर जितकी तिरपी, तितकं पाणी आरशाकडे झुकतं.

म्हणजे जवळचं पाणी आणि लांबचं पाणी खरोखरच दोन वस्तू आहेत. ९ जूनला म्युझियममध्ये हेच टिपून घेतलं होतं. तेव्हा नुसतं लिहिलं, आज गुडघे दुखेपर्यंत उठबस केल्यावर कळलं. जवळच्या पाण्याला उबदार रंग, रॉ अंबर आणि थोडा माझा गाळाचा तपकिरी. लांबच्याला थंड करडा. मधला पट्टा सगळ्यात अवघड, तिथं दोन्ही एकात एक मिसळलेले. तो ओल्यातच व्हायला हवा, एका दमात.

आज जमिनीवर बसून केलेल्या चित्रात तो जमला. आजवरचं एकेचाळिसावं.

४ मार्च

ऊन तापलं. आता उलट अडचण, थर लावतानाच वाळतो. कागद पाठीमागून भिजवून ओल्या फडक्यावर ठेवते, मग वीस मिनिटं मिळतात. पाणी एक वीत उतरलं. काठाला हिरवी रेघ सुटली.

हिरवा उजेड परत आठवला. शेवाळाच्या पाण्यात सकाळचं तिरपं ऊन शिरतं तेव्हा पृष्ठभागाखाली अगदी क्षणभर तो दिसतो. गँबोज पिवळा आणि किंचित इंडिगो लावून पाहिलं. जवळ आले, पण तो हिरवा पाण्याच्या आत असताना दिसलेला आहे. काठावरून तो एवढाच दिसणार.

२१ एप्रिल

फक्त नोंद: चार सकाळी, सहा चित्रं, दोन ठेवण्यासारखी. गळवाल्या मुलाची परीक्षा संपली, तो हल्ली कागदाच्या पाठीवर पेन्सिलनं काढतो. मी काही शिकवत नाही. मागितला तर रबर देते.

६ मे

शाहू महाराजांचा स्मृतिदिन. सकाळी सहाला बैठकीवर.

रात्री वळीव झाला होता, हवा स्वच्छ. पाणी वर्षभरातलं सगळ्यात खाली. रोजच्याप्रमाणे भिंतीच्या रेषेपासून सुरुवात केली आणि हात थांबला. भिंतीखाली पाण्याच्या वर एक पायरी आलेली. काळा दगड, वर शेवाळाचा वाळलेला पापुद्रा, भिंतीच्या पूर्ण लांबीइतकी. गेल्या आठवड्यापर्यंत नव्हती. म्हणजे होती, बोटभर पाण्याखाली.

जूनमध्ये जो गडद पट्टा मी भिंतीचं प्रतिबिंब म्हणून ओढला होता, तो ही पायरी होती. त्यानंतर साठ-सत्तर चित्रांत मी तो प्रत्येक वेळी काढला, कधी जांभळट, कधी तपकिरी, कधी धुक्यात पुसट, आणि प्रत्येक वेळी प्रतिबिंबच समजून. डोळ्यानं दगड पाहिला होता, मी त्याला नाव चुकीचं दिलं.

मुलाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "त्ये व्हय? तिथं खाली अजून दोन हाईत की. आमचा आज्जा उतरायचा तिथनं." पँट वर करून तो कडेकडेनं गेला आणि पायरीवर उभा राहून खालच्या पायरीवर पाय टेकवून दाखवला. पाणी त्याच्या पोटरीपर्यंत आलं.

त्याला तिथंच उभं राहायला सांगितलं आणि नवा कागद लावला. पंधरा मिनिटांत केलं. पायरी वरची उन्हात, तिच्याखालची पाण्यातून दिसणारी, तिसरी नुसत्या अंदाजानं. पोराचे पाय आणि त्यांच्याभोवती हललेलं पाणी.

घरी येऊन १६ जूनचं चित्र काढलं, मागं तारीख घालून लिहिलं: पट्टा नव्हे, पायरी. एकूण तीन. रंग बदलला नाही. तो बरोबरच लागला होता.

उद्या लवकर जायचं. वळीव असाच पडत राहिला तर आठवडाभरात पायरी परत पाण्याखाली जाईल. ५ बाय ७ चे अकरा कागद शिल्लक आहेत.